चॉकलेट देणारे पाहुणे

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून घरच्यांना वाटतं याला काहीही लिहिता येतं. तसं नाही. तरी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल माफ करा. हे कोणीतरी सांगायला हवं, आणि गावात दुसरं कोणी सांगेल असं दिसत नाही.

माझा चुलत भाऊ पोलीस भरतीत दरवेळी उंचीत मागे पडायचा. उंची काही अभ्यास करून वाढत नाही. घरात त्याला कोणी काही विचारेनासं झालं. अशात कोणीतरी त्याला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे उंची मोजत नव्हते. तो आधी 'वाघ' झाला, मग 'गावरक्षक'. अ‍ॅडमिन कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो रोज सकाळी "जेवले का वाघांनो?" असं विचारायचा. भावाच्या जेवणाची एवढी चौकशी त्याच्या आईने, म्हणजे आमच्या मोठ्या आईनेही, कधी केली नव्हती.

मग मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ येऊ लागले. एकात मागे नारळाची झाडंच झाडं होती. मी भीतभीत म्हणालो, "दादा, हे आपल्याकडचं वाटत नाही."

"टोळी फिरते ना बे! तू काऊन झाडं पाहून राह्यला?"

अ‍ॅडमिनचा हुकूम होता, आधी ठोका, मग विचारा.

त्या रविवारी भावाच्या सख्ख्या बहिणीला, आमच्या ताईला, पाहायला देऊळगाव राजाकडून पाहुणे येणार होते. फोटोतला मुलगा तिला आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण सकाळपासून साड्या बदलत होती. भावाला दही आणायला पाठवलं होतं. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडला: पांढरी गाडी, अनोळखी माणसं, पोराला चॉकलेट दिलं. पाहुण्यांनी एका लहान पोराला घराचा पत्ता विचारून चॉकलेट दिलं होतं, एवढंच.

आरडाओरडा ऐकून मी धावत गाडीपाशी पोचलो, तर भावाच्या एका हातात दह्याचा डबा, दुसऱ्यात काठी. मागे चार-पाच वाघ. त्यातला एक व्हिडिओ काढत होता.

मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "अहो, आम्ही पोरगी पाहायला आलो!"

"ऐका! सोताच्या तोंडानं कबूल करून राह्यला!" भाऊ ओरडला.

"कोणाची पोरगी?" मी मध्ये घुसून विचारलं.

त्यांनी मोठ्या बाबांचं नाव सांगितलं. काठी वरच राहिली. आपल्याच बापाचं नाव ओळखायला भावाला जरा वेळ लागला.

मागून एकाने विचारलं, "मंग मारायचं का नाही बे?"

घरी भावाने स्वतः पोहे वाढले. मुलाचे वडील हसून म्हणाले, "बंदोबस्त चांगला आहे तुमचा." सगळे हसले. दाराआड ताईही हसली. जाताना ते म्हणाले, "कळवतो."

मी बुलढाण्याला होस्टेलवर परतलो. निरोप काही येईना. शेवटी ताईचाच फोन आला.

तो व्हिडिओ कोणीतरी मोठ्या बाबांचं नाव येण्याआधीच कापून 'टोळीचा म्होरक्या सापडला' म्हणून पुढे पाठवला होता. मुलाच्या वडिलांना एका बाजारात लोकांनी त्यावरून ओळखलं.

"दवाखान्यात हायेत," ताई म्हणाली. "लई मारलं त्यायले. अजून शुद्धीवर नाही आले. पोराचा फोन आला होता. म्हणे, आता हे जमणार नाही."