बाचा गुडघा आणि रानडुकराची चरबी

याडी गेली, त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. आईला आम्ही याडीच म्हणायचो. तिच्याविषयी लिहायला बसलं की मन चरबीच्या कढईपाशी जातं आणि हसू येतं.

आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजूला होता. ज्वारीत रानडुकरं शिरली की माणसं कुत्री घेऊन शिकारीला निघत. मटणाचे वाटे घरोघर जात, चरबी मात्र आमच्याकडे येई. याडीच्या हातची चरबी उन्हाळाभर खवट होत नसे. ज्याचा सांधा धरला तो वाटी घेऊन दारात उभा राही.

त्या वर्षी सांधा धरला तो घरातच. बा गाडीवरून पडला आणि त्याचा गुडघा आखडला. होळी तोंडावर आलेली. होळीला लेंगीची गाणी म्हणत सारा तांडा फेर धरून नाचे, आणि डफ घेऊन पुढं असे तो बा. काका त्याला चिडवायला लागला.

"दादा, औंदा तू चुलीपाशी बैस. डफ मले दे."

"तुले देऊन होळी बुडवू काय?" बा म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

त्याच आठवड्यात शिकार झाली. याडीनं चरबीचे बारीक तुकडे केले, लोखंडी कढईत थोडं पाणी घालून अंगणातल्या चुलीवर मंद जाळावर ठेवले. बा खाटेवरून सारखा विचारी, "झाली काय व?"

याडी कापसाची वात चरबीत बुडवून पेटवी. वात तडतडली की म्हणे, "पानी हाय अजून. कायले घाई करता?" वात मुकाट जळली तेव्हाच तिनं कढई उतरवली. चरबी फडक्यातून गाळून बरणीत भरली, तोंडाला कापड बांधलं आणि बरणी कणगीमागच्या गारव्यात ठेवली. तळाची खरवड तिनं फुटक्या गाडग्यात काढली. तो कुत्र्यांचा वाटा, रोज त्यांच्या भाकरीला थोडा थोडा लावायचा. शिकार त्यांचीही असे.

रोजच्या मालिशीनं गुडघा सैलावला, पण पुरता वाकेना. होळीच्या दिवशी बाला वाटलं, गाळलेल्या चरबीत दम नाही, खरा कस तळाशी. त्यानं गुपचूप गाडग्यातली खरवड गुडघ्याला चोपडली, वरून धोतर खाली ओढून घेतलं आणि डफ घेऊन फेरात उतरला.

पहिलं गाणं उठतं न उठतं तोच तांड्यातली कुत्री फेरात घुसली आणि बाच्या पायाला लागली. कुणी चाटतंय, कुणी धोतर ओढतंय.

"दादा, वाटा मागून राह्यले रे!" काका ओरडला.

बानं कुत्र्यांना झटकायला पाय उचलला, आणि गुडघा थेट छातीपर्यंत आला. याडीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी तिचं हसू फुटलं. "वाकला! वाकला व बाई!"

बानं डफावर थाप मारली. काकाला मात्र सारी लेंगी संपेपर्यंत फेराबाहेर कुत्री धरून उभं राहावं लागलं.