आईच्या शालूवरचा गंज

आईचा शालू असा तलम होता की सुईच्या नेढ्यातून ओवून घ्यावा. माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करा, तरी उरेल तो तलमच. मोतिया रंगाचा, रेशमी. आई मी लहान असतानाच गेली; तिचं म्हणावं असं घरात एवढंच होतं. माझ्या लग्नाच्या तोंडावर आत्याने पत्र्याची ट्रंक उघडली, तर ट्रंकेचा गंज शालूवर उतरलेला.

दादा नुकताच पुण्याहून बी.एस्सी. होऊन राहात्याला आला होता. जूनमध्ये एम.एस्सी.ला परत जायचं होतं. तो म्हणाला, "ऑक्झॅलिक आम्लाने गंज जातो." पण लढाईचे दिवस, नगरच्या बाजारात ते औषधालाही मिळेना. "मग घरीच करतो," दादा म्हणाला. "साखरेचं."

साखर तेव्हा रेशनवर. आम्ही अख्खा हिवाळा गुळाचा चहा पिऊन लग्नाच्या लाडवांसाठी ती साठवली होती. तिचा डबा आत्याने मांडीखाली दाबून धरला.

"साखरेत कार्बनच्या साखळ्या असतात, आत्या. सहा-सहा कड्यांच्या. तेजाब त्या मधेच तोडतं. दोन-दोन कड्यांचे तुकडे उरतात, तेच आम्ल."

"साखळ्या तोडायला सोनार आहे की गल्लीत."

"तेजाब त्याच्याकडूनच आणणार आहे."

सोन्याचा कस लावायचं शोऱ्याचं तेजाब, दादाच्या भाषेत नायट्रिक आम्ल, सोनारकाकांनी काचेच्या बुचाच्या बाटलीत दिलं आणि म्हणाले, "आमी यात सोनं घालतो, तुमी साखर घालताय. शिकल्यावर लईच गोड बुद्धी होती म्हना."

परसात चिनी मातीच्या बरणीत दादाने दोन्ही एकत्र करून शेगडीवर तापत ठेवलं. थोड्या वेळाने बरणीतून असा तांबडा धूर उसळला की पेरूच्या बागेवर निघालेले राघू वाटेतूनच माघारी वळले, आणि शेजारच्यांची म्हैस त्या दिवसापासून आमच्या दाराकडे पाठ करूनच उभी राहू लागली. आत्या पदर नाकाला लावून म्हणाली, "लाडू गेले रे वर." सकाळी मात्र बरणीच्या तळाशी पांढरे खडे बसलेले होते. दादा उकिडवा बसून ते असे बघत होता, जसा बाप पाळण्यात बघतो.

खडे बर्फाच्या पाण्याने चांगले धुवावे लागतात, म्हणजे उरलंसुरलं तेजाब निघून जातं. वैशाखात राहात्याला बर्फ कुठला? विहिरीचं पाणीही कोमट. एकदा धुतले तर निम्मे विरघळले. साखर पुन्हा मिळणार नव्हती. "आणखी धुतले तर हाती काही उरणार नाही," दादा म्हणाला आणि थांबला.

उरलेले खडे पाण्यात विरघळवून त्या पाण्याचा बोळा शालूवर फिरवला, तसा गंज आमच्या डोळ्यांदेखत फिका पडला आणि गेला. आत्याने दादाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग शालू वाळवून तिने त्यावर कोळशाची इस्त्री फिरवली. इस्त्रीच्या मागोमाग पिवळा डाग उमटत गेला, तळहाताएवढा, हळदीसारखा. राहिलेलं तेजाब रेशमात उतरलं होतं. आम्हा दोघींना काही कळायच्या आत ते दादाला कळलं.  पुन:पुन्हा धुतलं, पिवळं गेलं नाही.

मी तोच शालू नेसले. डाग निऱ्यांत दडवला, सासरच्या कोणालाही दिसला नाही. दादाला दिसत होता. मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्याकडे नाही, निऱ्यांकडे बघत होता.

जूनमध्ये तो पुण्याला गेला नाही. कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि तिथेच पिकला. पुढे नातवाने शाळेतल्या प्रयोगाचं काही विचारलं, की म्हणायचा, "ते मला नाही येत."

दादा गेल्यावर मी शालू उन्हाला घातला. पिवळा डाग तसाच आहे. पण गंज? भिंग घेऊन बघा, कणभर सापडणार नाही. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी डागाविषयी न बोलून दादाला सांभाळलं. गंज गेला होता, हे मात्र त्याला कोणीच सांगितलं नाही. आणि मी, जी गोष्ट सांगताना राघूंनाही माघारी फिरवते, मलाही ते सुचलं नाही.