फोटोतला तिसरा हात

संभाजीराव शेडग्यांचा राग जयपुरातल्या अख्ख्या खातीपुऱ्याला माहीत होता. भाजीवाला तोंडावर 'सुबेदार साब' म्हणायचा आणि पाठ वळली की काय म्हणायचा, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण या रागाला शिस्त होती. वीज गेली म्हणून ते चिडत नसत, दूध नासलं म्हणून चिडत नसत. चिडायचे ते दोन शब्दांवर. 'व इतर'.

फोटोखाली चार नावं छापायची आणि पुढे 'व इतर' लिहून हात झटकायचे, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. "इतर म्हंजी कोण?" ते विचारायचे. "त्यांच्या आयांनी त्यांस्नी नाव ठेवलं न्हवतं का?"

हा राग त्यांनी फौजेतून आणला होता. सत्तावीस वर्षं ते पलटणीत कारकून होते. दरवर्षी पलटणीचा मोठा फोटो निघायचा आणि त्याखालची नावं टाईप करायचं काम त्यांचं. बसलेले, डावीकडून. उभे, पहिली रांग. उभे, दुसरी रांग. एका वर्षी यादी तयार झाल्यावर महादू खरात नावाचा माण तालुक्यातला जवान पहाऱ्यावरून पळत आला आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला. एका माणसासाठी पुन्हा सगळं कोण टाईप करणार, म्हणून संभाजीरावांनी यादी तशीच लावली. आठ महिन्यांनी महादूचा ट्रक दरीत गेला. त्याचे वडील तो फोटो टॉवेलात गुंडाळून छावणीत आले. त्यांना वाचता येत नव्हतं, गावात कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. "सायब, ह्यात माझ्या पोराचं नाव कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं. संभाजीरावांनी पेनानं कडेला नाव लिहून दिलं. ते स्वतःवर त्या दिवशी जे चिडले, ते आजतागायत.

निवृत्तीनंतर साताऱ्याला न जाता ते जयपुरातच राहिले, आणि इथल्या मराठी माणसांच्या 'स्नेहबंध' मंडळानं आपल्या त्रैमासिकाचं 'युवा पान' त्यांच्या गळ्यात घातलं. काम तसं किरकोळ. तरुण मंडळींच्या फोटोंखालच्या ओळी लिहायच्या आणि दर अंकात त्यांच्यातल्या एकाची ओळख करून द्यायची. संभाजीरावांनी ते काम असं धरलं की पोरंपोरी त्यांना टाळायला लागली. गणपतीतल्या नाचाचा फोटो असला, तरी मागे अर्धा चेहरा दिसणारा कोण, हे शोधायला ते स्कूटरवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्यापर्यंत जायचे. ओळख लिहायची तर घरी जाऊन बसायचे, चहा मागायचे आणि विचारायचे, "तू हातानं काय करतोस ते सांग. बाकीचं समदे सांगत्यात."

कस्तुरी पाथरेला त्यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही. व्हरांड्यातलं एक खोकं उघडून दाखवलं. आत पंखाला टाके घातलेला पोपट होता.

कस्तुरी त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. वडील रंगनाथ रेल्वेत. पोरगी जन्मली, वाढली ती जयपुरातच, त्यामुळे तिच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक हिंदी यायचा. संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर चढून पतंग काटतं, आणि मांज्यानं पाखरं कापली जातात. ती कोण वेचणार? तीन वर्षांपूर्वी हिनं मंडळाच्या जगतपुऱ्यातल्या हॉलबाहेर चार खोकी आणि एक जुनं पांघरूण घेऊन दुकान मांडलं. फोन नंबरच्या चिठ्ठ्या दारोदार चिकटवल्या. पहिल्या वर्षी ती एकटी होती. यंदा मंडळाची आठ पोरंपोरी तिच्या हाताखाली होती, आणि तारेत अडकलेली घार सोडवताना मांज्यानं तिची उजवी तर्जनी हाडापर्यंत कापली होती. टाके घालून, पट्टी बांधून ती दोन तासांत परत येऊन बसली.

संभाजीरावांनी तिची ओळख गेल्याच वर्षी लिहिली होती. दोन पानं. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर अनिरुद्ध हर्डीकर म्हणाले, "छान लिहिलंय, पण या अंकात जागा नाही. पुढच्या अंकात घेऊ." संभाजीरावांनी कस्तुरीला तसंच सांगितलं. पुढचा अंक आला, त्याच्या पुढचा आला, असे चार अंक आले. दर वेळी त्यांनी विचारलं आणि दर वेळी 'बघू' ऐकून ते घरी आले. फौजेत वरच्याचा शब्द मानायची सवय लागलेली. ती सवय किती वाईट आहे, हे त्यांना यंदा कळलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना सी-स्कीम या बड्या वस्तीतल्या दवाखान्यात बोलावलं आणि एक पाकीट पुढे केलं. "युवा पान तयार आहे. आमच्या मिहीरची ओळख मीच लिहिलीय. त्याला परदेशातल्या विद्यापीठाकडे अर्ज करायचाय, त्या अर्जाला हे पान जोडता येईल. तुम्ही फक्त फोटोखाली तुमची ती ओळ टाका आणि अंक छापायला द्या."

संभाजीरावांनी तिथेच वाचलं. मिहीर हर्डीकर यानं तीन वर्षांपूर्वी एकट्याच्या बळावर पक्षी वाचवण्याचं शिबिर सुरू केलं. जखमी पाखरांवर तो स्वतःच्या हातांनी उपचार करतो.

"डॉक्टर, हे शिबिर कस्तुरीचं हाय."

"मुलं मिळून करतात हो. नेतृत्व कुणाचं तरी दाखवावं लागतं."

"मिहीर त्या दिवशी पंधरा मिनटं आला हुता. मी तिथंच हुतो."

"संभाजीराव," डॉक्टर हसले, "तुम्ही फोटोओळीचं बघा. मजकुराचं मी बघतो."

हे वाक्य संभाजीरावांनी खातीपुऱ्यापर्यंत चावत नेलं. घरी येऊन चपला न काढताच त्यांनी फोटो टेबलावर आपटला. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "आवं, झालं काय?"

"फोटो कापलाय! दहा जणांचा फोटो हुता, मी काढताना बघितलाय. ह्यात एकटा मिहीर उरलाय!"

फोटोत पांढरं जॅकेट घातलेला मिहीर हसत उभा होता आणि त्याच्या छातीशी पंख पसरलेलं कबुतर होतं. संभाजीरावांनी भिंग घेतलं. कोणताही फोटो हातात आला की मुंडकी मोजायची त्यांची जुनी खोड. मुंडकं एकच होतं. मग ते हात मोजायला लागले. मिहीरनं हातांची घडी घातली होती. त्याचे दोन्ही हात तिथे, कोपराशी, स्पष्ट दिसत होते. कबुतर ज्या हातात होतं तो उजवीकडच्या कडेतून आला होता. त्याच्या तर्जनीला पट्टी होती. तो हात कापला असता तर कबुतरही कापलं गेलं असतं, आणि कबुतराशिवाय त्या फोटोला काय अर्थ होता?

"सुमे, ह्या पोराला तीन हात हायत," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि सुमित्राबाईंना ठाऊक होतं की आवाज चढण्यापेक्षा हे जास्त वाईट.

ते तसेच उठून कस्तुरीकडे गेले. ती डाव्या हातानं खोकी धूत होती. त्यांनी सगळं सांगितलं. वाटलं होतं की ती रडेल, निदान ओरडेल. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही मागच्या सालीपण आलात ना काका. पुढच्या अंकात म्हणाले. मी आईला पण सांगितलं, बाबांनी स्टेशनवर सगळ्यांना सांगितलं. मतलब, मी नाही विचारलं होतं. तुम्हीच आलेलात लिहायला." तिनं पाणी नालीत ओतलं. "आता परत नका सांगू. छापून येतं तेव्हा येऊ दे."

संभाजीराव आल्या पावली घरी परतले. डॉक्टरांवरचा राग सोपा होता, सरळ होता. हा दुसरा राग महादूच्या बापासमोर उभं राहिल्यावर आला होता तोच, आणि तो कुणावर काढता येत नव्हता.

त्यांनी ओळ लिहिली आणि अंक छापायला दिला. अकरा वर्षांत डॉक्टरांनी फोटोखालची ओळ एकदाही वाचली नव्हती. त्यांचं नाव नेहमी वरच्या मजकुरातच असायचं.

रविवारी सकाळी स्नेहसंमेलनात अंकाचं प्रकाशन झालं. हॉल भरलेला होता. छावणीतली कुटुंबं होती, कॉलेजांतले प्राध्यापक होते, शेवटच्या रांगेत पाथरे मंडळी होती. डॉक्टरांनी रिबीन सोडली, अंक उंच धरला आणि माईकवरून म्हणाले, "आपल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, अशी तक्रार असते. आमचा मिहीर आज युवा पान वाचून दाखवेल."

मिहीर लाजत उठला. पोरगा वाईट नव्हता, बापाच्या पुढे बोलायची सवय नव्हती इतकंच. त्याला मराठी यायची ती शाळेतल्या हिंदीच्या आधारानं, एकेक शब्द लावत. पान उघडल्यावर वर फोटो होता, म्हणून त्यानं फोटोखालूनच सुरुवात केली.

"डावीकडे… हाताची घडी घालून उभा… मिहीर अनिरुद्ध हर्डीकर." टाळ्या पडल्या. तो हसला आणि पुढे वाचू लागला. "उजवीकडे… कबुतर धरलेला… पट्टी बांधलेला हात… कस्तुरी रंगनाथ पाथरे हिचा." तो अडखळला, पण ओळ संपली नव्हती आणि वाचणं थांबवायचं त्याला सुचलं नाही. "बाकीची कस्तुरी… कापून टाकली आहे."

हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. जो तो हात मोजत होता. मिहीरनं फोटोकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "पापा, मैंने तो कहा था." माईक चालूच होता.

डॉक्टर खाली उतरून संभाजीरावांपाशी आले. चेहरा लाल झाला होता. "हे काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही फोटोओळीचं बघा म्हणालासा. फोटोत जेवढं दिसतंय तेवढं लिवलं."

कस्तुरी शेवटच्या रांगेतून पुढे आली होती. तिच्या बोटाची पट्टी निघाली होती, पण बोट वाकत नव्हतं. ती हसत नव्हती. आभार तर मुळीच मानत नव्हती.

"हा तर हात झाला काका," ती म्हणाली. "मागच्या सालीचं लिहिलेलं कुठाय?"

संभाजीरावांनी खांद्यावरची पिशवी उघडली. दोन पानं, चार घड्या पडलेली, वर्षभर तिथेच होती. ती घेऊन ते माईककडे चालू लागले. डॉक्टर आडवे आले. "संभाजीराव, हे कार्यक्रमपत्रिकेत नाहीये."

"न्हाई. जागा न्हवती," संभाजीराव म्हणाले आणि त्यांना वळसा घालून वर चढले.

त्यांनी चष्मा लावला. पानांच्या घड्या उलगडल्या.

"कस्तुरी रंगनाथ पाथरे," त्यांनी वाचलं. "राहणार खातीपुरा. वय वीस." ते थांबले, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर तो आकडा खोडला. "एकवीस. हे एक वरीस म्या घालवलं."