जावेकडची मशीन

माझे हात गेले, असं धाकट्या जावेने सगळ्या चाळीला सांगितलं, तेव्हा माझी बोटं सुजली होती, कान शाबूत होते. संधिवाताने सकाळी मूठ वळत नसे. "ताई, आता तुम्ही नुसतं बसायचं," म्हणत तिने माझी माहेरून आलेली शिलाई मशीन बदलापूरला नेली. नवरा म्हणाला, "बरं झालं, गंज तरी चढणार नाही." त्याच्यावरही मी डूख धरून आहे. वर दर आठवड्याला ती आमच्या चाळीत, कॅम्प चारला येई आणि माझ्याच दारात बसून माझ्या गिऱ्हाइकांची ब्लाऊजपिसं गोळा करून नेई. चहा मीच द्यायचा.

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर व्यायाम सांगितला. विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात आम्हा बायकांना व्यायाम शिकवणाऱ्या तरुण बाईने पहिल्याच दिवशी प्रत्येकीला विचारलं, काय करता यायला हवंय? कुणी म्हणाली वेणी घालायचीय, कुणी म्हणाली डब्याचं झाकण उघडायचंय. मी म्हटलं, "जावेकडून मशीन परत आणायचीय." ती हसली, पण व्यायाम त्याच बेताने दिले. पायडलसाठी टाच आणि चवडा आळीपाळीने उचलायचा, कापड धरता यावं म्हणून अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, कोमट पाण्यात मूठ उघडायची-मिटायची. सगळं दहा-दहा वेळा.

प्रत्येक आकड्याला मी जावेचं एक वाक्य आठवायची. दहा आकडे कमी पडत. एकदा रागाच्या भरात चाळीस केले आणि घोटा नारळाएवढा झाला. बाई वैतागली. "ताई, सुजेच्या दिवशी जोर नाही करायचा. जावेला बाहेर चपलांपाशी सोडून येत जा." जाऊ काही बाहेर राहिली नाही, पण त्यानंतर मी आकडा पाळला.

वर्ष गेलं. बोटं वाकडीच राहिली, पण ऐकायला लागली. मग मी न कळवता टेम्पो घेऊन बदलापूर गाठलं. जाऊ मशीनवर बसली होती, शेजारच्या दोघी कापड घेऊन आल्या होत्या. "ऊठ जरा," म्हटलं. सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला. तिचा अर्धवट ब्लाऊज घेतला, बाही जोडली. टीप सरळ आली. ब्लाऊज तिच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "टेम्पो खाली उभा आहे."

"ताई, विचारायचं तरी होतं," ती रडवेली झाली.

"तू विचारलं होतंस?"

मला वाईट वाटायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा सुजली, सुई धरवेना. त्याच आठवड्यात जाऊ पिशवी घेऊन आली. दोन ब्लाऊज अडलेत, तासभर मशीनवर बसू का, म्हणाली. मशीन रिकामीच होती. "नाही," मी म्हटलं, आणि सुजल्या हातांनी तिला चहा करून दिला.