पळसुलेकाकांचे टायर

पळसुलेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पायाकडून वर. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात मी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर दोन बॅगा ओढत बाहेर आलो, तेव्हा माझ्या नावाचा कागद धरून उभे असलेले एक बुटके गृहस्थ पुढे झाले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "उजवा पाय उचल बघू." वीस तासांच्या प्रवासानंतर माणूस सांगाल ते करतो. मी पाय उचलला. त्यांनी वाकून माझ्या बुटाच्या तळव्यात अंगठ्याचं नख रोवलं आणि नापसंतीने मान हलवली. "नागपूरला ठीक आहे. इथे जानेवारीत हा बूट तुला पाडेल. रबर कडक आहे." एवढं झाल्यावर मग त्यांनी प्रवास कसा झाला ते विचारलं.

काका मूळचे पुण्याचे. ऐन तरुणपणी अमेरिकेत आले आणि तीस वर्षं शिकागोजवळच्या एका कारखान्यात रबराचे पट्टे नि वायसर बनवत राहिले. रिटायर झाल्यावर शॉमबर्ग उपनगरात काकूंबरोबर राहत होते. हाताशी वेळ होता, दाराशी गाडी होती, त्यामुळे भारतातून कुणीही नवा माणूस येणार असला की त्याला विमानतळावरून आणायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. माझं अपार्टमेंट त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. पहिल्याच रविवारी काकूंनी जेवायला बोलावलं, आणि मग मी दर रविवारी न बोलावताही जाऊ लागलो. गाडी चालवायचं लायसन्ससुद्धा मी त्यांच्याच गाडीवर काढलं.

ती गाडी म्हणजे काकांचा नवा संसार होता. वसंतात घेतलेली कोरी हायब्रीड. सिग्नलला थांबली की तिचं इंजिन आपोआप बंद पडायचं आणि आत अगदी शांत व्हायचं. काका तेव्हा बोट ओठांवर ठेवून म्हणायचे, "ऐक. काही ऐकू येतंय? पेट्रोल वाचतंय ते." एका गॅलनला किती मैल पडले हे तिच्या पडद्यावर सारखं दिसायचं. काकांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या आकड्यावर. आकडा पन्नासच्या वर गेला की ते काकूंच्या पिशव्यांनाही गाडीत जपून बसा म्हणायचे.

पण हिवाळा तोंडावर आला होता आणि घरात एक खटला चालू होता. आदल्या जानेवारीत, जुन्या गाडीने, काका बर्फावरून घसरत शेजाऱ्याच्या टपालपेटीवर गेले होते. पेटी आडवी झाली, काकांच्या कपाळाला टेंगूळ आलं. बॉस्टनला राहणारी त्यांची मुलगी मृणालताई तेव्हापासून मागे लागली होती. तिचा दर शनिवारचा फोन काकू स्पीकरवर लावायच्या.

"बाबा, आय मीन इट. या विंटरमध्ये वन मोअर स्लाइड, आणि गाडीच्या कीज मी घेऊन जाणार."

"दोष टायरचा होता," काका म्हणायचे.

"तुम्ही सत्तरीला आलात, बाबा."

"टायर सत्तरीला आले होते. मी नाही."

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. भाजी, डॉक्टर, कुणाकडचं हळदीकुंकू, सगळं काकांच्या उजव्या पायावर चालायचं. शॉमबर्गमध्ये बस दिसली तर लोक वळून बघत. किल्ली गेली म्हणजे दोघांनी खिडकीतून एकमेकांना बर्फ दाखवत बसायचं. म्हणून काकांनी ठरवलं, की असे हिवाळी टायर बसवायचे की घसरायची सोयच राहू नये. आणि रबरातला माणूस रबर निवडणार, तो काय असातसा निवडणार?

अडचण अशी होती, की मऊ रबर बर्फाला धरतं, पण गाडीला मागे ओढतं. कडक रबर मायलेज देतं, पण बर्फावर हात सोडतं. गाडीबरोबर आलेले टायर कडक, मायलेजवाले. हिवाळी टायर लावले की पडद्यावरचा आकडा खाली येणार. काकांना ग्रिपही हवी होती आणि पन्नासचा आकडाही. "सुंदर, सुगरण, मिळवती आणि हुंडा घेऊन येणारी," काकू मला वाढता वाढता म्हणाल्या. "मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणून गेले होते. टायरसाठी दीड महिना झाला."

चौकशी खरोखरच तशी चालली होती. ज्यांच्याकडे हिवाळी टायर आहेत अशा प्रत्येकाला काकांचा फोन. किती वर्षं झाली, आवाज फार करतात का, उन्हाळ्यात कुठे ठेवता. एका डॉक्टरांना तर त्यांनी "स्वभावाने कसे आहेत?" असंही विचारलं. डॉक्टर आपल्या जावयाबद्दल बोलू लागले, ते काकांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं.

टायरच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर चार वेळा गेलो. दुकानाचा मालक डेल नावाचा आडदांड, शांत माणूस होता. काका एकेका टायरला नख लावायचे, वास घ्यायचे, पुन्हा नख लावायचे. एकदा काकांनी त्याला सुचवलं, की इंजिन पुढच्याच चाकांना फिरवतं, तर नवे टायर पुढे दोनच लावू, मागे मायलेजवाले राहू देत. डेल म्हणाला, मग पहिल्याच वळणावर तुमची मागची चाकं तुम्हाला ओव्हरटेक करतील. काकांनी बाहेर आल्यावर मला सांगितलं, "माणूस हुशार आहे. रबरात यायला हवा होता."

तरी निर्णय होईना. कंपन्यांच्या पत्रकांवर काकांचा विश्वास नव्हता. "कागद कुणाचंही कौतुक करतो. रबर थंडीत काय करतं ते रबरालाच विचारायला हवं," असं म्हणून त्यांनी डेलच्या भंगारातून सहा जातींचे झिजलेले हिवाळी टायर मागून आणले, गॅरेजात करवतीने त्यांचे तळहाताएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर खडूने नंबर घातला आणि काकूंच्या फ्रीझरमध्ये ओळीने मांडून ठेवले. काकूंनी पिशवीत घालून ठेवा म्हटलं तर म्हणाले, थंडी नीट पोचत नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते फ्रीझर उघडून सहाही तुकड्यांना नख लावायचे.

त्याच फ्रीझरमध्ये, त्या तुकड्यांच्या शेजारी, काकूंनी दिवाळीसाठी खवलेला नारळ ठेवला होता.

फराळाला वीसेक माणसं होती. करंजी दिसायला देखणी. पहिला घास घेतल्यावर सगळे एकदम गप्प झाले. मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी फराळाला नाव ठेवत नाही, घरी जाऊन ठेवतो. सगळ्यांनी चावून चावून करंज्या संपवल्या. एक वहिनी म्हणाल्या, "वेगळीच चव आहे, नाही?" काकूंनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि थेट काकांकडे पाहिलं. काका शांतपणे खात होते. अर्धी करंजी संपल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा चार नंबर," ते म्हणाले. "याचं तेल सुटतंय. चार नंबर बाद."

काकू त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी फ्रीझर रिकामा झाला आणि दोन नंबरच्या तुकड्याच्या जातीचे चार नवे टायर गाडीला लागले. मायलेजचा आकडा पन्नासवरून त्रेचाळीसवर उतरला. काकांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर एक गणपतीचा स्टिकर लावून टाकला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चांगला वीतभर बर्फ पडला. रविवारी सकाळी काकांचा फोन. "शिरीष, लगेच ये. मृणाल ख्रिसमसला येतेय. तिच्यासमोर टेस्टचा रिझल्ट ठेवायचा आहे." एका बंद पडलेल्या दुकानाचं ओसाड पार्किंग त्यांनी हेरून ठेवलं होतं. दह्याचे पंधरा रिकामे डबे त्यांनी पाच-पाच पावलांवर ओळीने बर्फात रोवले. काका ताशी वीस मैलांनी येणार, मी काकूंचा लाल स्कार्फ खाली केला की ब्रेक दाबणार, आणि तिथून कितव्या डब्यापाशी गाडी थांबते ते मोजायचं. स्कार्फ कधी पहिल्या डब्याला खाली करायचा, कधी दुसऱ्याला. चालवणाऱ्याला आधी कळता कामा नये.

काका तीनदा आले. आठवा डबा, सातवा, पुन्हा आठवा. गाडी जराही वाकडी झाली नाही. काका खूश होते. "आता तू कर. एका माणसाचं रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे."

मी तीनदा केलं. पाच, पाच, पाच.

काका स्कार्फ हातात घेऊन डब्यांकडे बघत राहिले. मग माझ्या खिडकीशी आले. "स्पीड किती होता?"

"पंधरा असेल," मी म्हणालो. वीस होता.

ते दुसऱ्या बाजूने आत येऊन बसले. "परत घे. मी 'आत्ता' म्हणेन तेव्हा दाब." मी गाडी पळवली. वेग कमी ठेवायचं मनात होतं, पण त्यांचा डोळा आकड्यावर होता. वीस झाले. त्यांनी "आत्ता" म्हटलं. आम्ही पाचव्या डब्याशी थांबलो आणि गाडीत एकदम शांत झालं.

"टायर तेच, बर्फ तोच," काका म्हणाले.

"काका, मी घाबरट आहे. मी उगाच लवकर दाबतो."

"तू वेळेवर दाबतोस." त्यांनी स्कार्फची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "टपालपेटीच्या वेळीही टायर चांगलेच होते रे."

फक्त मीच पाहिलं होतं, आणि मी कुणाला सांगणार नव्हतो. तसं मी म्हणालोही. काका माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं मी नापास माल बाहेर जाऊ दिला नाही. तेव्हासुद्धा कुणी बघत नसायचं." मग त्यांनी बाहेर जाऊन पंधराही डबे गोळा केले, एकात एक घातले आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.

घरी आल्यावर त्यांनी जोडे काढायच्या आधी बॉस्टनला फोन लावला.

"मृणाल, टायर पास झाले. ब्रेक उशिरा लागतोय. तीन डबे उशिरा. माझा पाय." मग डब्यांचा हिशेब समजावून सांगावा लागला. वर्षभर किल्लीसाठी भांडणाऱ्या त्या मुलीचा आवाज चिरकला. "बाबा, वन टाइमने काय होतं? मी येते तेव्हा आपण परत करून बघू ना."

"करू की," काका म्हणाले. "डबे ठेवलेत. पण उत्तर तेच येईल." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी स्कार्फ घेतला आणि काकांच्या हातात गरम चहाचा कप दिला. एवढ्या रविवारांत मी त्या घरात त्यांनी एकमेकांचा हात धरलेला कधी पाहिला नव्हता, त्या दिवशीही नाही. पण कप दिल्यावर काकूंनी तो लगेच सोडला नाही.

किल्ली माझ्याकडे आली. पुढचे तीन हिवाळे मी त्या दोघांना भाजीला, डॉक्टरकडे, फराळांना नेत राहिलो. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात काका दुपारच्या झोपेतच गेले. इतक्या माणसांना त्यांनी या देशात आणून सोडलं होतं, की अंत्यदर्शनाला पार्किंग पुरलं नाही. मला रडू आवरलं नाही, आणि आवरावंसंही वाटलं नाही.

त्या तीन हिवाळ्यांत काका कायम माझ्या शेजारी बसले. सिग्नल लाल झाला की मी ब्रेक दाबायचो, आणि जरा वेळाने त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जायचा. त्यांनाही ते कळायचं. गाडी थांबायची, इंजिन बंद पडायचं. मग ते खिडकीबाहेर बर्फाकडे बघत म्हणायचे, "टायर मात्र चांगले निवडले."