गळ्यातली पोवळी

जावयांनी काचेच्या टाकीत समुद्र सांभाळला आहे. आज नारळाएवढं पोवळं खडकावर बसवताना त्यांनी खाली कणकेसारखा चिकट लगदा लावला आणि म्हणाले, "आई, घट्ट होईपर्यंत धरा. पडलं तर मरेल."

"दगड कसा मरेल?" एक हात पाण्यात घालून ते धरत मी विचारलं.

लेक हसली. "अगं, जिवंत आहे ते. तुझ्या गळ्यातली पोवळी याचीच भावंडं!"

मी दुसऱ्या हाताने पदर गळ्यावर ओढला. लग्नापासून घालते, पण ती कुणाची हाडं असतील असं मनातही आलं नव्हतं. गप्प राहतं त्याला आपण दगडच समजतो. पाण्यात माझ्या बोटांखाली त्या जिवाने अंग आक्रसून घेतलं होतं.

"सोडा आता," जावई म्हणाले. हात काढला, पण ते पुन्हा उमलेपर्यंत मला टाकीपुढून हलवेना.