कडव्या वालाची नोंद

प्रथिनं कापणारी एन्झाइम्स आणि त्यांना अडवणारे रेणू यांची एक मोठी ऑनलाइन सूची आहे. आमच्यासाठी ती रेशनकार्डासारखी. रेणू कुठल्या कुटुंबातला, कोणाला अडवतो, सगळं तिथे बघायचं. अंधेरीच्या कॉलेजात मी इतकी वर्षं तेच शिकवत आले.

माझी एक विद्यार्थिनी भांडुपहून येते. तिच्या पीएचडीचा विषय कडव्या वालातला असाच एक रेणू. सूची म्हणते, तो दोन एन्झाइम्सना अडवतो. तिच्या प्रयोगात मात्र तो एकालाच अडवायचा, दुसरं बिनधास्त कापत सुटायचं. संशोधन मासिकाने तिचा पेपर परत पाठवला, सूचीशी जुळत नाही म्हणून. पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता आणि तिची मुदत संपत आली होती.

मी तिला प्रयोग पुन्हा करायला लावला. मग पुन्हा. "अगं, वाल बदलून बघ. हात नीट चालव जरा." वाल बदलले, दुकान बदललं, गोराईहून कोणाच्या तरी वाडीतले आणले. उत्तर तेच. मग मी सूचीवाल्यांवर घसरले. चार ईमेल केले. वेबसाइटवर नुसतं चाक फिरत राहायचं. एवढा पसारा मांडलाय आणि विचारायला माणूस नाही! डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं. नोंद मूळ पेपरवरून घेतली आहे, हरकत असल्यास लेखकांना विचारा. सोबत दुवा होता.

उघडला, तर पहिलं नाव माझंच. वालावर काम केल्याचं आठवत होतं, 'दोघांना अडवतो' हे वाक्य लिहिल्याचं आठवत नव्हतं. तेव्हा लॅबमधलं दुसरं एन्झाइम संपलं होतं आणि मला घाई होती. कुटुंबातले बाकीचे दोघांना अडवतात, मग हाही अडवत असणार, असं मी ठोकून दिलं होतं. सूचीने ते इमानाने उतरवून घेतलं. मला स्वतःची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं, "ती नोंद माझी आहे. चूकही माझीच."

"माहितीये मॅडम," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

ती चिडली नव्हती, सरळ विचारत होती. "नसतं ऐकलं," मी म्हटलं आणि सूचीवाल्यांना पाचवा ईमेल लिहायला घेतला, नोंद दुरुस्त करा म्हणून.